शेवंतीने चोरलेलं गवत

धाकू भोईर फाटकाचा दोर सोडायला लागला तेव्हा इनास मास्तरांनी डोक्यावरची टोपी काढून काखेत घेतली. शेजारी फादर ह्युबर्ट चष्म्यावरचे पावसाचे थेंब पुसत होते. तिघांच्याही चेहऱ्यावर लग्नघरातल्या माणसांची असते तशी गडबड होती.

१८८६ सालचा श्रावण होता. शहाडच्या वरच्या अंगाला, उल्हास नदीकडे उतरत जाणारा तो माळ धाकूच्या मालकीचा. खाली त्याची भातशेती, वर हे गवत. माळाच्या एका तुकड्याला बोरीबाभळीच्या काट्यांचं पुरुषभर उंच कुंपण होतं आणि त्याला एकच फाटक होतं. दोन वर्षं त्या फाटकातून कोणी आत गेलं नव्हतं. मालक असून धाकूही नाही. कारण आत एक असं झाड होतं, जे जगात दुसरीकडे कुठेही सापडलेलं नव्हतं. निदान त्या तिघांची तशी समजूत होती.

झाड म्हणायचं, पण ते वीतभर उंचीचं. जमिनीत सुपारीएवढा कांदा, त्यातून मृगात दोऱ्यासारखा कोंब यायचा, श्रावणात त्यावर एक किंवा दोन फुलं. फूल पांढरं, खाली फुगीर आणि वर पाच टोकं एकत्र मिटलेली, त्यामुळे लांबून मिणमिणत्या दिव्यासारखं दिसायचं. आसपासचे कातकरी त्याला दिवटी म्हणत. हे नाव इनास मास्तरांना त्या माळावर गवत कापणाऱ्या शेवंती नावाच्या बाईने सांगितलं होतं, तीन वर्षांपूर्वी, ते पहिल्यांदा तिथे आले तेव्हा.

इनास घोन्साल्विस ठाण्यात पाद्र्यांच्या शाळेत चित्रकला शिकवत. राहायला नौपाड्याला. वय पन्नाशीच्या जवळ, मूलबाळ नाही. सुट्टीच्या दिवशी गाडीने कल्याणला यायचं, पायी रानात फिरायचं आणि झाडांची चित्रं काढायची, हा त्यांचा छंद. दिवटीचं चित्र त्यांनी फादर ह्युबर्टना दाखवलं. फादर वीस वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून आलेले, झाडांचे अभ्यासक. त्यांनी चित्र आणि वाळवलेली दोन झाडं आपल्या देशातल्या एका संग्रहालयात पाठवली. वर्षाने उत्तर आलं. असं झाड आमच्याकडे कुठूनही आलेलं नाही, ती जागा जपा, असं त्यात होतं. आणि शेवटी एक ओळ होती की झाडाला ज्याने ते शोधलं त्याचं नाव द्यायचा विचार आहे.

ती ओळ मास्तरांनी कोणाला सांगितली नाही. फक्त बायकोला, क्लेमेंटिनाला सांगितली. पण तेव्हापासून त्यांच्या चालण्यात फरक पडला होता, असं क्लेमेंटिना पुढे म्हणायची.

जागा जपायची कशी, हे तिघांनी मिळून ठरवलं होतं. धाकू मनाचा मोठा माणूस. माळाचा चांगला तुकडा तो असाच सोडून द्यायला तयार झाला. त्या काळात कल्याणच्या गवताला मुंबईत घोड्यांसाठी फार मागणी होती. गवत दाबून त्याच्या गासड्या रेल्वेने जायच्या. तरीही धाकू म्हणाला की देवाने एक वस्तू माझ्याच माळावर ठेवली असेल तर तिच्यावर विळा कशाला फिरवू. काटे त्याने स्वतःच्या माणसांकडून तोडून घेतले. फादरनी नियम घालून दिला, कापणी नाही, गुरं नाहीत, माणसाचं पाऊल नाही. झाडाला दोन वर्षं निवांतपणा मिळू दे. मास्तरांनी कुंपण घालायच्या आधी एकेक झाड मोजून ठेवलं होतं. दोनशे सोळा.

दोर सुटला. फाटक कुरकुरत उघडलं आणि तिघं आत गेले.

समोर छातीएवढं गवत उभं होतं. हिरवं वर, खाली मात्र दोन वर्षांचं जुनं गवत आडवं पडून त्याची गादी झाली होती. पाय टाकला की पाऊल घोट्यापर्यंत आत जायचं आणि खालून कुजल्याचा वास यायचा. मास्तर हाताने गवत बाजूला करत पुढे जात राहिले. जिथे पूर्वी पाय ठेवायला भीती वाटावी इतक्या दाट दिवट्या होत्या, ती जागा त्यांना डोळे मिटून सापडली असती. तिथे गुडघे टेकून त्यांनी जुनं गवत उचकटलं. खाली काळी, भुसभुशीत माती होती. दुसरीकडे उचकटलं. तिथेही तेच.

एक तास ते तिघं शोधत होते. धाकू एका दगडावर बसला आणि उठलाच नाही. दोनशे सोळापैकी एकही झाड सापडलं नाही. पिवळं पान नाही, वाळकी काडी नाही.

"माती उकरलेली आहे," मास्तर म्हणाले. "बघा, किती भुसभुशीत आहे. कोणीतरी खणून नेलंय."

मग मधल्या टेपाडापलीकडे जायच्या आतच पावसाची जोराची सर आली आणि तिघं बाहेर पडले. ठाण्याला उतरताना मास्तरांच्या लक्षात आलं की टोपी माळावरच राहिली.

घरी आल्यावर ते न जेवता भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. क्लेमेंटिनाने दोनदा विचारलं. मग तिने त्यांच्या पायावरचा चिखल ओल्या फडक्याने पुसला आणि ती आपली कामाला लागली.

तिसऱ्या दिवशी धाकूचा माणूस निरोप घेऊन आला. कुंपण सगळीकडून तपासलं. नदीच्या अंगाला, टेपाडाच्या पलीकडे जिथे फाटकावरून नजर जात नाही, तिथे काटे विळ्याने तोडून माणूस वाकून जाईल एवढी खिंड पाडलेली आहे. वरून काटे परत नीट लावून वेलीने बांधलेले, म्हणून आजवर दिसली नव्हती. आणि ती खिंड शेवंतीच्या झोपडीपासून हाकेवर आहे. धाकूशेटनी विचारलंय की काय करायचं.

मास्तरांनी तिथल्या तिथे कागद ओढला. शेवंतीला त्या तुकड्यावरून हलवलं तेव्हाचा तिचा चेहरा त्यांना आठवला. कातकऱ्याची विधवा बाई, आईपासून त्याच माळावर गवत कापत आलेली. कापलेल्या गवतातला काही वाटा तिचा असायचा आणि त्यावरच तिचं चालायचं. कुंपण घातलं तेव्हा ती काही बोलली नव्हती. नुसती बघत राहिली होती. ते बघणं आता मास्तरांना वेगळं वाटायला लागलं. त्यांनी लिहिलं ते एका दमात लिहिलं, पुन्हा वाचलंही नाही, आणि माणसाच्या हातात दिलं. क्लेमेंटिना तेव्हा विहिरीवर होती.

पुढचे दहा-बारा दिवस मास्तर शाळेत जात होते आणि येत होते. वर्गात फळ्यावर काही काढायला गेले की हात थांबायचा. फादर ह्युबर्टनी संग्रहालयाला झाड नष्ट झाल्याचं कळवायला घेतलं होतं, पण पत्र त्यांच्याच्याने पुरं होत नव्हतं.

मग एका सकाळी मास्तरांच्या दाराशी शेवंती उभी राहिली.

शहाडहून ठाण्यापर्यंत ती पायी आली होती. आदल्या दिवशी निघून रात्री वाटेत नात्यातल्या कोणाकडे थांबली होती. लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं. तिने मास्तरांना हाक मारली नाही. ओटीच्या पायरीवर पळसाचं पान ठेवलं, त्याची घडी उलगडली आणि ती बाजूला झाली.

पानात दिवटीचं फूल होतं. ताजं. देठावर अजून पाणी होतं.

मास्तरांना काही क्षण काही समजलं नाही. मग त्यांचं डोकं भडकलं. ते म्हणाले की म्हणजे नेलेली झाडं तुझ्याकडेच आहेत, आता एकेक फूल आणून दाखवतेस होय. ते आणखीही बोलले असते, पण आवाज ऐकून क्लेमेंटिना बाहेर आली. तिने पायरीवरचं फूल पाहिलं, शेवंतीचे पाय पाहिले आणि आधी आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. शेवंती सगळं पाणी प्यायली. मग क्लेमेंटिनाने नवऱ्याला विचारलं, "हिला खणताना कोणी पाहिलं होतं?"

मास्तर म्हणाले की खिंड पाडलेली होती.

"खिंड पाडताना पाहिलं होतं का, ते नाही विचारलं मी."

शेवंती त्या दोघांकडे न बघता बोलली. "धाकूशेटनी सगळ्या बायांम्होरं मास्तराचा कागुद वाचाया लावला. माझा इळा काढून घेतला. आता कुनी मला कंच्याच माळावर उभं करत नाय." ती थांबली, आणि मग तिने मास्तरांचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं, त्यांच्याच भाषेत, पाठ केलेल्या धड्यासारखं. "'ही जातच कांदे खणून खाणारी. हिला माळावर पाय ठेवू देऊ नका.'"

क्लेमेंटिनाने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं.

आपण लिहिलेले शब्द मास्तरांनी आत्ता पहिल्यांदा ऐकले. कागदावर ते त्यांना रागाचे वाटले होते. इथे, पायरीवर उभ्या असलेल्या बाईच्या तोंडून, ते तसे राहिले नाहीत.

"चल मास्तर," शेवंती म्हणाली. "दावते."

क्लेमेंटिना म्हणाली की मीही येते. मास्तर नको म्हणाले नाहीत. दुपारच्या गाडीने तिघं कल्याणला उतरले आणि तिथून पायी निघाले. क्लेमेंटिना आणि शेवंती पुढे, मास्तर मागे. दोघी मधूनमधून काहीतरी बोलत होत्या. मास्तरांपर्यंत ते पोचत नव्हतं.

माळाच्या फाटकाकडे न जाता शेवंती नदीच्या अंगाने वर चढली. टेपाडाला वळसा घातल्यावर कुंपणाची ती खिंड आली. काटे आता धाकूच्या माणसांनी आत न जाता बाहेरूनच कसेतरी कोंबून ठेवले होते. शेवंतीने ते उघड्या हातांनी ओढून बाजूला केले आणि ती वाकून आत शिरली.

आत शिरल्यावर मास्तरांना आधी वाटलं की आपण दुसऱ्याच जागी आलो. इथे गवत गुडघ्याएवढंच होतं, मोकळं, ज्याच्यातून जमीन दिसावी असं. आणि त्या गवतातून, वाऱ्यावर जराजरा हलत, दिवट्या उभ्या होत्या.

त्यांनी मोजलं. त्रेचाळीस. पुन्हा मोजलं, कारण आपल्या डोळ्यांवर त्यांचा विश्वास बसेना. त्रेचाळीसच. काहींना दोन-दोन फुलं होती.

"हे इथे कसं?" त्यांनी विचारलं.

शेवंती लांब उकिडवी बसली होती. तिने उत्तर द्यायला बराच वेळ घेतला. नंतर मास्तरांना कळलं की ती काय बोलायचं यासाठी थांबली नव्हती, बोललं की काय होईल याचा विचार करत थांबली होती.

"म्या गवत चोरलं," ती म्हणाली. "दोन वर्सं. कांदा नाय खनला. गवत चोरलं."

मग ते सगळं बाहेर आलं. कुंपण घातल्यावर तिच्याकडे कापायला माळच उरला नव्हता, बाकीचे तुकडे बाकीच्या बायांना वाटलेले. दसरा झाला की धाकूचा राखणदार भात कापायला खाली जायचा. तेव्हा ती या खिंडीतून आत यायची, टेपाडाच्या आडोशाला दिसणार नाही एवढंच गवत कापायची आणि डोक्यावर भारा घेऊन कल्याणच्या बाजारात विकायची. दिवट्या तिथे आहेत हे तिला माहीत होतं. त्यांच्यासाठी तिने काही केलं नव्हतं. त्या कापायच्या वेळेपर्यंत सुकून, बी उडवून मोकळ्या झालेल्या असायच्या, म्हणून विळ्यात येत नव्हत्या, इतकंच.

मास्तर उठले. जिथपर्यंत तिचा विळा फिरला होता तिथपर्यंतची रेघ साफ दिसत होती. अलीकडे मोकळं गवत आणि दिवट्या. पलीकडे ती उंच भिंत. त्यांनी रेघेपलीकडे जाऊन गवताची गादी दोन्ही हातांनी उलटी केली. खालून उंदीर पळाले, एक नाही, पाच-सात, मोठाले. गादीखाली सगळीकडे त्यांची बिळं होती. मास्तरांनी एका बिळात हात घातला तर आतून मूठभर काहीतरी हाताला आलं. दिवटीचे कांदे. अर्धे कुरतडलेले, बाकीचे कुजून मऊ झालेले.

भुसभुशीत माती ती ही होती.

ते ओंजळ तशीच धरून उभे राहिले. दोन वर्षं निवांतपणा द्यायचा, असं ठरवलं होतं. गवत पडून कुजत राहिलं, कोंबांना वर यायला वाट उरली नाही, आणि खालून उंदरांना घर मिळालं. फाटक बंद, दोर घट्ट, काटे पुरुषभर. एकशे त्र्याहत्तर झाडं त्यांनी तिघांनी मिळून, एवढ्या काळजीने मारली होती. आणि जी वाचली ती चोरीने वाचली.

क्लेमेंटिनाने त्यांच्या हातातले कांदे काढून पदरात बांधून घेतले.

शेवंती म्हणाली, "आता धाकूशेटला सांग जा. काय करायचं ते करू दे."

धाकूच्या घरी जाताना मास्तरांच्या ध्यानात आलं की या बाईने काय केलं आहे. एका चोरीचा आळ पुसायला तिने दुसरी चोरी स्वतःच्या तोंडाने कबूल केली होती, आणि ती दुसरी खरी होती. धाकूने ठरवलं असतं तर तो तिला चावडीवर उभं करू शकला असता.

धाकूने सगळं ऐकून घेतलं. चोरीचं ऐकताना त्याचे ओठ आवळले गेले. मग मास्तरांनी कुरतडलेले कांदे त्याच्यापुढे ठेवले. धाकूने एक उचलून नखाने दाबून पाहिला. जन्मभर माती हाताळलेला माणूस, त्याला जास्त सांगावं लागलं नाही.

"मास्तर," तो म्हणाला, "मला ठाऊक व्हतं. गवत कापलं नाय तर खाली काय व्हतं ते मला ठाऊक व्हतं. माझा बाप सांगायचा. पन तुमी शिकलेली मानसं. तुमी म्हनलात पाऊल नको. मला वाटलं, ह्या झाडाचं येगळं असंल."

मास्तरांना हा दुसरा धक्का पहिल्यापेक्षा मोठा वाटला. दोन वर्षांपूर्वी याच ओटीवर तिघं बसले होते. फादर बोलत होते, मास्तर बोलत होते. धाकूला कोणी विचारलं नव्हतं. त्याच्याकडून माळ घेतला, काटे घेतले, माणसं घेतली. त्याला जे माहीत होतं ते मात्र मागितलं नाही, आणि शेवंतीला तर समोर बसवलंही नव्हतं.

धाकूने आत जाऊन शेवंतीचा विळा आणला. मधल्या दिवसांत घरातल्या कोणीतरी तो नारळ सोलायला वापरला होता, पात्याला दोन दाते पडले होते. त्याने तो दगडावर घासायला घेतला. घासता घासता म्हणाला की चोरीचं बोलणं आपण चौघं आणि फादर यांच्यातच राहील, पण विळा मी ज्या बायांसमोर घेतला त्यांच्याचसमोर परत देईन. आणि ते पत्र वाचलं तसंच दुसरं वाचायला हवं. ते तुम्ही लिहून द्या.

मास्तरांनी तिथेच बसून लिहिलं. या वेळी तीनदा वाचलं आणि दोनदा फाडलं.

फादर ह्युबर्टना सांगायला मास्तर दुसऱ्या दिवशी गेले. ऐकताना फादरच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि लगेच ते म्हणाले की उरलेल्या त्रेचाळिसांभोवती आजच नवं, जास्त पक्कं कुंपण घालू. मास्तर एवढ्या जोरात नाही म्हणाले की फादर दचकले. त्यानंतर मास्तरांनी खुर्ची ओढली आणि त्यांना पुन्हा पहिल्यापासून, सावकाश, सगळं सांगितलं.

त्या दसऱ्यानंतर धाकूने काट्यांचं कुंपण पेटवून दिलं. माळावर या वेळी फक्त तीन पुरुष बसले नाहीत. शेवंती होती, तिच्याबरोबर गवत कापणारी कलावती होती आणि क्लेमेंटिनाही होती. कोणता तुकडा कधी कापायचा, कापल्यावर गुरं सोडायची का, सोडायची तर किती दिवस, हे बोलणं दुपारभर चाललं. वादही झाले. कलावती म्हणाली की हस्तातच कापलं तर गवत हिरवं राहतं आणि बाजारात लवकर जातं. शेवंती म्हणाली की मग बी उडायच्या आत दिवटी विळ्यात येईल. धाकूला गुरं सोडायची होती, फादरना अजिबात नको होती. शेवटी माळाचे चार पट्टे केले आणि चारही वेगवेगळ्या रीतीने ठेवायचे ठरलं. कोणाचं बरोबर ते झाडांनीच सांगावं, असं फादर म्हणाले. हे सांगताना त्यांचा आवाज पूर्वीसारखा राहिला नव्हता.

माळाची राखण शेवंतीकडे आली. गवताचा वाटा तिचा तिला पुन्हा मिळाला, आणि जो पट्टा उशिरा कापायचा त्याचं पूर्ण गवत तिचं. ही अट धाकूने आपणहून घातली.

पहिल्या वर्षी काही कळलं नाही. दुसऱ्या वर्षी हस्तात कापलेल्या पट्ट्यात एकही नवी दिवटी आली नाही, आणि कलावती स्वतःच येऊन म्हणाली की माझं चुकलं. ज्या पट्ट्यात दसऱ्यानंतर कापून थोडे दिवस गुरं सोडली, तिथे जुन्या झाडांच्या आसपास केसासारखे बारीक कोंब दिसले. गुरांच्या खुरांनी बी मातीत दाबलं जात असावं, असं धाकू म्हणाला. फादरनी हरल्यासारखे हात वर केले आणि ते वहीत लिहून घेतलं. चौथ्या वर्षी, १८९० च्या श्रावणात, मास्तरांनी मोजलं तेव्हा एकशे सात भरली. फाटकाजवळचा वरचा भाग, जिथे सगळ्यात दाट होत्या, तो मात्र रिकामाच राहिला. तिथे शेवंतीने बी हाताने टाकून पाहिलं होतं. आलं नाही.

संग्रहालयाचं पत्र मधल्या काळात आलं होतं. नाव द्यायचं का, म्हणून पुन्हा विचारलं होतं. मास्तरांनी फादरना सांगितलं की झाडाला नाव आहे, दिवटी, तेच कळवा. फादरनी तसं कळवलं.

शेवंती मास्तरांशी माळावर नीट बोलायची. कुठलं झाड कुठे आहे, कोणाला किती फुलं आली, सगळं सांगायची. पण त्यांच्या घरी ती आली की क्लेमेंटिनाकडे यायची. मागच्या दाराने यायची, चुलीपाशी बसायची, दोघी हळू आवाजात बोलायच्या आणि ती निघून जायची. मास्तर ओटीवर असले तरी त्यांच्याकडे बघून नुसती मान हलवायची. त्या पत्राबद्दल त्यांनी तिची माफी मागितली होती, एकदा माळावर आणि एकदा सगळ्या बायांसमोर. तिने नुसतं ऐकून घेतलं होतं.

त्या वर्षीच्या श्रावणात मोजणी झाल्यावर सगळे टेपाडावर बसले होते. फादर खुशीत होते. म्हणाले की साऱ्या पृथ्वीवर या एकशे सातच, त्याहून एक जास्त नाही. शेवंती हातातली गवताची काडी चावत होती. तिने सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "आनखी हायत."

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

ती म्हणाली की तिच्या मामाच्या गावाकडे, डोंगरात एका उतरणीवर, लहानपणापासून तिने पाहिल्या आहेत. गेल्या वर्षीही पाहिल्या. पुष्कळ आहेत.

फादरची वही हातातून घसरली. सात वर्षं मास्तर या माळावर येत होते. सात वर्षं ही बाई इथेच होती. त्यांनी विचारलं की मग तू बोलली का नाहीस.

"कुनी इचारलं नाय," ती म्हणाली. "आनि मंग कागुद आला."

फादर लगेच विचारू लागले, कोणता डोंगर, कोणती बाजू, जायला किती वेळ लागेल. शेवंतीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मास्तरांनी फादरच्या हातावर हात ठेवला, तेव्हा ते थांबले.

पुढच्या वर्षी, श्रावणाच्या दुसऱ्या आठवड्यात, शेवंती नौपाड्याला आली. मागच्या दाराने नाही, पुढून. मास्तर ओटीवरून उठले. त्यांना वाटलं, आता ती आपल्याला चला म्हणेल. तिने क्लेमेंटिनाला हाक मारली.

दोघी तीन दिवस बाहेर होत्या. मास्तरांनी शाळा केली, स्वतः भात शिजवला, तोही करपवला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी क्लेमेंटिना एकटीच परत आली. साडीचा काठ फाटलेला, पोटऱ्यांवर काट्यांचे ओरखडे, आणि चेहरा असा की मास्तरांनी पंचवीस वर्षांच्या संसारात तो कधी पाहिला नव्हता. ती ओटीवर टेकली.

"पूर्ण डोंगर," ती म्हणाली. "मी मोजायला गेले तर ती हसली. पूर्ण डोंगर आहे हो."

मास्तर तिच्याजवळ पायरीवर बसले. कुठला डोंगर, हे विचारायला शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आला होता. त्यांनी तो विचारला नाही. तिनेही सांगितलं नाही. मग मास्तर आत गेले, घंगाळात ऊन पाणी काढलं आणि तिच्या पोटऱ्यांतले काटे काढायला बसले.